टक्केवारीचा दाखला आणि अनुदानाचा अर्ज

धुळे, जळगाव आणि नंदुरबार या जिल्ह्यांतून भुसावळ-सुरत लोहमार्गाने पोटापाण्यासाठी सुरतेस आलेल्या मराठी कुटुंबांची दाट वस्ती लिंबायत, उधना आणि डिंडोली या भागांत असली, तरी तापीकाठच्या कतारगामातही, हिऱ्यांच्या कारखान्यांच्या आणि भरतकामाच्या यंत्रांच्या आश्रयाने, खानदेशी माणसे राहत आली आहेत. अशा एखाद्या घरात कोणी अपंग झाले, अथवा जन्मतःच तसे असले, की सरकारी साहाय्याविषयी जे सल्ले त्या घराला मिळतात, त्यांत शेजाऱ्याने सांगितलेले गुजरातचे नियम आणि गावाकडून फोनवर कळलेले महाराष्ट्राचे नियम एकमेकांत इतके मिसळलेले असतात की, अर्ज कोठे करावा आणि कशासाठी करावा हेच त्या माणसाला उमगेनासे होते. या गोंधळाच्या मुळाशी एक गोष्ट आहे: दिव्यांगत्वाचा दाखला आणि दरमहाचे अनुदान या दोन भिन्न बाबी असून त्यांचे निर्णय भिन्न अधिकारी भिन्न निकषांवर करतात, हे कोणी स्पष्ट करून सांगत नाही.

‘सिव्हिलमधून चाळीस टक्क्यांचा दाखला मिळाला, आता पेन्शन सुरू होईल,’ हे वाक्य ज्याच्या तोंडी असते, त्याची पुढे फार निराशा होते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने, जो 19 एप्रिल 2017 पासून अंमलात आला, चाळीस टक्के ही मर्यादा नोकरीतील राखीव जागांसारख्या विशेष सवलतींसाठी घातली आहे. मासिक अनुदानाची मर्यादा प्रत्येक योजनेची निराळी असते. केंद्र सरकारच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंग निवृत्तिवेतन योजनेस 80 टक्के अपंगत्व, दारिद्र्यरेषेखालील कुटुंब आणि 18 ते 79 वर्षे वय अशा तिन्ही अटी लागतात, आणि त्यात केंद्राचा वाटा दरमहा अवघा 300 रुपये आहे. गुजरात सरकारच्या संत सूरदास योजनेत दरमहा 1000 रुपये मिळतात. तिची अटही दीर्घकाळ 80 टक्क्यांचीच होती आणि 2025-26 च्या अर्थसंकल्पात ती 60 टक्क्यांवर आणण्याची घोषणा झाली. महाराष्ट्रात मात्र संजय गांधी निराधार अनुदान योजनेस 40 टक्के पुरतात, आणि तेथील दिव्यांगांचे अनुदान ऑक्टोबर 2025 पासून 1500 वरून 2500 रुपये झाले आहे. म्हणजे 45 टक्क्यांचा दाखला असलेला जो मनुष्य शिरपुरात अनुदानास पात्र ठरू शकतो, तोच कतारगामात राहत असता अपात्र ठरतो; आणि यात डॉक्टरांचा अथवा कचेरीतील कारकुनाचा काही दोष नसतो.

यावरून पुष्कळांचा असा ग्रह होतो की, गुजरातेत काढलेला दाखला महाराष्ट्रात चालत नाही, किंवा गावी काढलेला इथे निरुपयोगी आहे. हा ग्रह सर्वथा चुकीचा आहे. अधिनियमाच्या 58 व्या कलमानुसार दाखला संपूर्ण देशात ग्राह्य आहे, आणि 1 जून 2021 पासून तो केंद्राच्या एकाच ऑनलाइन व्यवस्थेतून, यूडीआयडी या ओळखपत्राच्या नोंदीसह, दिला जातो. 2017 च्या नियमांनी तर राहत्या जिल्ह्यातील वैद्यकीय अधिकाऱ्याबरोबरच, ज्या सरकारी रुग्णालयात त्या अपंगत्वावर उपचार झाले तेथेही अर्ज करण्यास वाव ठेवला होता. देशभर चालतो तो दाखला; अनुदान मात्र राज्याचे, आणि ते त्या राज्याच्या रहिवाशालाच. संजय गांधी योजनेस महाराष्ट्रातील किमान 15 वर्षांचे वास्तव्य लागते. म्हणून पंचवीस वर्षे सुरतेत काढून, रेशनकार्ड तेवढे गावी ठेवलेल्या माणसाने तेथील तहसिलीत अर्ज देणे हे त्याच्याच अंगाशी येऊ शकते. दोन्ही राज्यांतून अनुदान घेण्याचा सल्ला देणारेही भेटतात. परंतु दिव्यांगांसाठीचा लाभ लबाडीने घेणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा 91 व्या कलमात सांगितली आहे, हे असे सल्लागार सांगत नाहीत.

आता ज्या गैरसमजाने कामगारांचे सर्वाधिक नुकसान होते त्याकडे वळतो. भरतकामाच्या यंत्राची सुई तुटून तिचा तुकडा डोळ्यात गेला आणि त्या डोळ्याची दृष्टी कायमची नष्ट झाली, अशी कल्पना करा. दुसरा डोळा निकोप आहे. रोज बारीक दोऱ्याशी अथवा भिंगाखालच्या हिऱ्याशी ज्याचा संबंध, त्याची उपजीविका या एका आघाताने डळमळते. तथापि केंद्राच्या मूल्यमापन-तक्त्याप्रमाणे चांगल्या डोळ्याची दृष्टी 6/18 किंवा त्याहून बरी असेल, तर दुसरा डोळा पूर्ण निकामी झाला तरी अपंगत्व 30 टक्केच धरले जाते. तो चाळीसच्या आत राहतो आणि घरी परतून म्हणतो, ‘सरकार दरबारी आपल्याला काहीच मिळणार नाही.’ वस्तुतः त्याचा खरा हक्क सरकारकडे नसून कारखान्याच्या मालकाकडे आहे. 1923 चा नुकसानभरपाईचा कायदा, ज्याची तत्त्वे आता सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहेत, शरीराची हानी मोजत नाही, तर कमाविण्याच्या शक्तीची हानी मोजतो. त्याच्या परिशिष्टात एका डोळ्याची दृष्टी गेल्यास 30 टक्के आणि डोळाच काढून टाकावा लागल्यास 40 टक्के हानी नमूद आहे, आणि तेथे चाळीसच्या खाली काही नाही अशी अट मुळीच नाही. जितकी हानी, तितक्या प्रमाणात भरपाई, हाच त्याचा न्याय. कामगार राज्य विमा योजनेत नोंदलेला असेल तर हाच हक्क विमा महामंडळाकडे मागावयाचा असतो.

दुर्दैवाची गोष्ट ही की, भरपाईच्या दाव्यास अपघातापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि ती दोन वर्षे पुष्कळ कुटुंबे अनुदानाच्या अर्जामागे फिरण्यात घालवितात. ज्या कारखान्यात पगाराची पावती मिळत नाही, तेथे पहिल्या दिवसाचा रुग्णालयातील केसपेपर हाच मोठा पुरावा होऊन बसतो. म्हणून जखमीबरोबर जाणाऱ्याने, घाईतही, ‘काम करताना सुई लागली’ हे शब्द त्या कागदावर लिहून घ्यावेत. ‘घरी पडलो’ असे मालकाच्या भिडेखातर लिहिले गेले, की पुढे ते खोडून काढणे अतिशय कठीण जाते.

ज्याला एकाहून अधिक अपंगत्वे आहेत त्याने टक्के सरळ बेरजेने मोजू नयेत. समजा डोळ्याचे 30 आणि पायाचे 30 टक्के आहेत. बेरीज 60 होते, पण दाखल्यावर 50 येते. मोठ्या आकड्यात, नव्वदातून तो वजा करून उरलेल्या भागाच्या प्रमाणात, लहान आकडा मिळविण्याची रीत आहे: 30 मध्ये 30 गुणिले 60 भागिले 90, म्हणजे 20, मिळवावयाचे. साठाऐवजी पन्नास पाहून फसवणूक झाली असे वाटते. परंतु ज्याने फक्त डोळ्याचीच तपासणी करवून घेतली तो तिसावरच अडकला असता. म्हणून अर्जात प्रत्येक व्याधीचा उल्लेख अवश्य करावा.

जे वरकरणी दिसून येत नाही ते अपंगत्व नव्हे, अशीही एक रूढ समजूत आहे. 1995 च्या कायद्यात सात प्रकार होते; 2016 च्या कायद्यात एकवीस आहेत, आणि त्यांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, स्वमग्नता, कंपवात यांच्याबरोबर सिकलसेलही आहे. नंदुरबार आणि दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलची व्याधी ठाऊक नसलेले गाव विरळा. तरीही सतत रक्तक्षयाने थकणाऱ्या मुलासाठी दाखला मागता येतो, हे त्याच्या आईबापांच्या ध्यानीमनीही नसते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता अथवा बहुविकलांगता असल्यास ‘निरामय’ या केंद्राच्या आरोग्यविमा योजनेखाली वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा उपचारखर्चही मिळू शकतो.

यूडीआयडीच्या अर्जास शुल्क नाही, तेव्हा मध्यस्थाला पैसे मोजण्याचे कारण नाही. दर पाच वर्षांनी दाखला नवा करावाच लागतो हेही सर्वांच्या बाबतीत खरे नव्हे. जेथे अवस्था पालटण्याचा संभव आहे तेथे तो मुदतीचा असतो, एरवी कायमचा. गुजरातच्या अनुदान योजनेची बाब मात्र जिल्हा समाज सुरक्षा अधिकाऱ्याच्या अखत्यारीत येते. मजुरा गेटजवळच्या नव्या सिव्हिल रुग्णालयात अनुदानाची चौकशी करून उपयोग नाही.

दाखला नाकारला गेला, अगर टक्के कमी लिहिले गेले, तर प्रकरण तेथेच संपले असे समजून लोक मुकाट परततात. नाकारण्याची कारणे लेखी कळविणे वैद्यकीय अधिकाऱ्यावर बंधनकारक असून, निर्णयाविरुद्ध अपील करण्याचा अधिकार 2016 च्या अधिनियमाच्या 59 व्या कलमाने दिला आहे. नियमांच्या 2024 च्या सुधारणेने तपासणी करून निर्णय देण्याची मुदत एका महिन्यावरून तीन महिन्यांवर गेली. ही मुदत अर्जाच्या तारखेपासून मोजली जाते, म्हणून ती तारीख असलेली पोच छापून घेऊन, उपचाराच्या साऱ्या जुन्या कागदांसह, घरातल्या ट्रंकेत जपून ठेवावी.