प्रमाणात बांधलेला किल्ला

दिवाळी जवळ आली की महाराष्ट्रातील घराघरांत मुलांचे हात मातीने भरतात. विटांचे तुकडे आणि दगड रचायचे, त्यांवर चिखलात बुडवलेले गोणपाट पसरायचे, उतारावर हळीव व मोहरी पेरायची, माथ्यावर सिंहासन आणि पायऱ्यांवर मातीचे मावळे मांडायचे, असा हा किल्ला. ही परंपरा आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्याच पोटातून निघालेला, पण शिस्तीने बराच पुढे गेलेला एक छंद म्हणजे खऱ्या किल्ल्याची मोजमाप करून, दगडावर दगड ठेवून बांधलेली लहान प्रतिकृती. निवृत्तीनंतर मी या छंदात पडलो. व्यापारी कुटुंबांनी आपल्या मुलांसाठी व ज्येष्ठांसाठी त्याचा विचार करावा, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

प्रमाण म्हणजे काय?

प्रतिकृतीचा प्राण तिच्या प्रमाणात असतो. १ : ५०० हे प्रमाण घेतले म्हणजे प्रत्यक्षातील पाचशे फूट आपल्या फळीवर एक फूट होतात. मालवणच्या सिंधुदुर्गाचे उदाहरण घेऊ. १६६४ ते १६६७ या काळात बांधलेल्या या जलदुर्गाचे क्षेत्र सुमारे ४८ एकर, तटाची लांबी सुमारे तीन किलोमीटर, उंची सुमारे ३० फूट आणि जाडी सुमारे १२ फूट आहे. १ : ५०० प्रमाणात हे क्षेत्र सुमारे ८.४ चौरस फुटांत बसते. तटाची लांबी सहा मीटर भरते, उंची पाऊण इंचाहून किंचित कमी आणि जाडी पाव इंचाहून थोडी अधिक येते.

आता बाजारात मिळणारा तीन इंची मावळा या तटावर उभा करा. त्याच प्रमाणाने त्याची उंची १२५ फूट झाली! तट त्याच्या गुडघ्यापर्यंतही पोहोचत नाही. मातीच्या किल्ल्यात हे खपते, कारण तो भक्तीचा आणि उत्साहाचा देखावा असतो. प्रतिकृतीत मात्र तट, दरवाजा, पायरी आणि माणूस या सर्वांना एकच प्रमाण लागू करावे लागते.

आयुष्य बँकेत गेलेल्या माणसाला ही गोष्ट चटकन उमगते. ताळेबंद हीसुद्धा व्यवसायाची एक प्रतिकृतीच असते. एवढ्या मोठ्या पेढीचा व्यवहार दोन पानांत मावतो, तो प्रत्येक आकडा एकाच मापाने मांडला जातो म्हणून. एक रकाना हजारांत आणि दुसरा लाखांत लिहिला, तर प्रत्येक आकडा आपापल्या जागी खरा असूनही ताळेबंद खोटा ठरतो. किल्ल्याचेही तसेच आहे. शोभेसाठी एखादा बुरूज वाढवला की बाकीचे सारे बुरूज आपोआप चुकीचे होतात.

राजेलोकांचा खटाटोप

हा केवळ मुलांचा खेळ आहे, असे कोणी समजू नये. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या कारकिर्दीत, १६६८ पासून, युद्धमंत्री लूव्वा याने सीमेवरील तटबंदीयुक्त शहरांच्या प्रतिकृती करविण्यास आरंभ केला. त्यांचे प्रमाण १ : ६०० ठरले. वेढा कसा घालावा, तट कोठे दुबळा आहे, तोफ कोठून मारा करील, याचा विचार सेनापती या प्रतिकृतींभोवती उभे राहून करीत. त्या शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून कडेकोट सांभाळल्या जात. आज त्यांपैकी अनेक पॅरिसमधील एका संग्रहालयात पाहावयास मिळतात. त्यांची किंमत एकाच कारणासाठी होती. त्यांच्यावरून घेतलेला निर्णय प्रत्यक्ष रणांगणावर खरा ठरत असे.

त्याच पॅरिस शहरात जुलै २०२५ मध्ये भरलेल्या बैठकीत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे अकरा महाराष्ट्रातील, तर बारावा तमिळनाडूतील जिंजी. त्या दिवशी आपण सर्वांनी अभिमानाचे संदेश एकमेकांना पाठविले. पण यांपैकी एखाद्या किल्ल्याचा दरवाजा कोणत्या बाजूला आहे आणि तो तेथेच का आहे, हे आपल्या घरातील किती मुले सांगू शकतील?

एक दरवाजा पुरे

सदनिकेत राहणाऱ्या माणसाने अख्खा डोंगरी किल्ला बांधायला घेऊ नये. एक दरवाजा किंवा एक बुरूज घ्यावा. मी व माझा आठवीतील नातू, आम्ही रायगडचा महादरवाजा निवडला. त्याच्या दोन बाजूंस प्रचंड बुरूज आहेत. एकाची उंची सुमारे ७५ फूट, दुसऱ्याची सुमारे ६५ फूट. १ : ५० प्रमाणाने पहिला बुरूज दीड फूट भरतो, दुसरा साडेपंधरा इंचांच्या आसपास. एवढे बांधकाम अभ्यासाच्या टेबलावर सहज मावते.

बांधताना जे कळते ते छायाचित्र पाहून कळत नाही. दरवाजा दोन बुरुजांच्या कवेत असा दडवलेला आहे की समोरून येणाऱ्याला तो सहजी दिसू नये. गोमुखी म्हणतात ती हीच रचना. वळण घेताना शत्रू दोन्ही बुरुजांच्या माऱ्यात सापडतो. हत्तीला धडक मारण्यासाठी धाव घ्यायला सरळ वाट मिळत नाही, तोफेलाही थेट नेम धरता येत नाही. तटातील जंग्या, म्हणजे मारा करण्याची भोके, खाली उतरती का आहेत, हे नातवाने टेबलाशी डोळा नेऊन पाहिले आणि तो स्वतःच म्हणाला, "आजोबा, वरून पायथ्याचा माणूस दिसतो, पण खालून वरचा दिसत नाही!" दरवाज्याच्या आत पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत. त्या अडीच-तीन इंचांच्या कोनाड्यांत बांधताना रात्रीच्या पहाऱ्याचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

साहित्य आणि रीत

यासाठी लागणारे बहुतेक साहित्य भिवंडीत सहज मिळते. बुरुजाचा गाभा जाड पुठ्ठ्याचा करावा. आपल्या गोदामांत रिकाम्या खोक्यांना तोटा नाही. खाली प्लायवूडची फळी घ्यावी. दगडासाठी मार्बल-कडप्प्याच्या दुकानातील कापकामातून उरलेले कडप्प्याचे पातळ तुकडे उत्तम. दुकानदार ते बहुधा आनंदाने देतात. डोळ्यांना चष्मा आणि नाका-तोंडाला फडके बांधून, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, लहान हातोडीने त्यांचे सुमारे सहा मिलिमीटर उंच व बारा मिलिमीटर लांब तुकडे पाडावेत. प्रत्यक्षात एक फूट उंच आणि दोन फूट लांब चिऱ्याचे हे माप झाले. चिकटविण्यासाठी फेव्हिकॉलसारखा पांढरा कृत्रिम गोंद वापरावा. पूर्वी सुतारकामात वापरीत तो सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होतो, म्हणून आपल्या घरांत तो वर्ज्यच समजावा. सांधे भरण्यासाठी गोंदात दगडाची बारीक पूड कालवली की चुन्याच्या दर्जांचा भास होतो.

नियम एकच, पण कडक: उभ्या सांध्यावर उभा सांधा येता कामा नये. वरच्या थरातील दगड खालच्या दोन दगडांच्या मध्यावर बसला पाहिजे. खऱ्या तटाची ताकद यातच आहे. सांधे एका रेषेत आले तर भिंत तेथूनच उकलते.

एक चौरस फूट भिंतीला असे सुमारे १,३०० तुकडे लागतात. आमचे काम चार चौरस फुटांचे होते, म्हणजे सुमारे ५,२०० तुकडे. हा आकडा ऐकून मुलगा घाबरला असता. म्हणून आम्ही आवर्ती ठेवीचा हिशेब मांडला. रोज ४५ तुकडे, एवढाच हप्ता. पर्युषणाचे दिवस वगळून जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत खाते पूर्ण झाले. वहीत रोजची नोंद नातवाने स्वतः ठेवली. हप्ता चुकला की दुसऱ्या दिवशी तो आपणहून भरून काढी.

"याचा दुकानात काय उपयोग?"

हा प्रश्न आमच्याही घरात निघाला. माझा मुलगा सुताच्या व्यापारात आहे. त्याचे म्हणणे असे, की हाच एक तास पोरगा दुकानात बसला तर सूत हाताळून नंबर ओळखायला शिकेल. त्याच्या म्हणण्यात तथ्य होते, आणि मी वाद घातला नाही. व्यापारी घरातील मुलाचा वेळ ही कुटुंबाची पुंजी असते. ती कोठे गुंतवावी, हे विचारण्याचा बापाला अधिकार आहे.

उत्तर दिवाळीच्या सुमारास मिळाले, तेही माझ्याकडून नव्हे. पाहुणे आले, प्रतिकृती सर्वांना आवडली. मुलाच्या मामांनी कौतुकाने सुचविले, "एवढा सुंदर दरवाजा आहे, तर समोर महाराजांची छान तीन इंची मूर्ती ठेवा, शोभा येईल." नातू म्हणाला, "मामा, या मापाने महाराज साडेबारा फूट उंच होतील. दरवाजा खोटा दिसेल." मूर्ती मग शेजारच्या चौरंगावर, फुले वाहून, सन्मानाने विराजमान झाली. दरवाज्यापुढे मात्र सव्वा इंचाहून थोडा उंच असा कागदी पहारेकरी उभा राहिला.

माझ्या मुलाने आपली शंका मागे घेतली असे मी म्हणणार नाही. पण नंतरच्या दोन रविवारी तो पुठ्ठा कापायला आमच्यासोबत बसला. दिसायला बरे म्हणून माप बदलायचे नाही, ही गोष्ट चौदा वर्षांच्या मुलाला कोणी उपदेश न करता समजली असेल, तर तिचा उपयोग दुकानात आहे की नाही, हे प्रत्येक व्यापाऱ्याने आपल्या मनाशी ठरवावे.

आपल्या अवतीभोवती

प्रतिकृती बांधण्यापूर्वी किल्ला डोळ्यांनी पाहणे आवश्यक आहे, आणि त्यासाठी आपल्याला फार दूर जावे लागत नाही. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी आदिलशाहीकडून घेतली. त्यानंतर उल्हास खाडीच्या काठी दुर्गाडी उभा राहिला आणि याच खाडीवर मराठ्यांच्या आरमाराचा आरंभ झाला. भिवंडीहून कल्याणला जाताना खाडीवरचा पूल ओलांडला की तो समोरच असतो. आपण मात्र रोज वाहनांच्या गर्दीकडे पाहत पुढे जातो. शहापूर तालुक्यातील माहुली आसनगाव स्थानकावरून गाठता येतो. वसईचा किल्ला सपाट भूमीवर असल्याने ज्येष्ठांनाही तेथे फिरता येते. चिमाजी अप्पांनी तो १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकला. खुद्द भिवंडी तालुक्यात मराडे पाडा येथे मार्च २०२५ मध्ये लोकार्पण झालेल्या शिवाजी महाराजांच्या मंदिराभोवती किल्ल्याच्या धर्तीवर तट व बुरूज बांधले आहेत. बुरूज आणि चर्या म्हणजे काय, हे लहान मुलांना दाखविण्यास ती जागा सोयीची आहे.

उंची मोजण्यासाठी तटावर चढू नये. सावली पुरे. पाच फूट उंचीच्या मुलाची सावली चार फूट पडत असेल आणि त्याच वेळी तटाची सावली २४ फूट असेल, तर तट ३० फूट उंच. त्रैराशिक शिकविण्याची यापेक्षा चांगली शाळा मला ठाऊक नाही. आणि एक कटाक्षाने पाळावे: किल्ल्यावरचा खडासुद्धा उचलून आणू नये. अनेक किल्ले संरक्षित स्मारके आहेत. शिवाय आपल्या टेबलावरच्या तटासाठी खऱ्या तटाचा दगड कमी करणे हे कोणत्याही मापाने अनुचितच.

आपले बहुतेक किल्ले हळूहळू ढासळत आहेत. पिंपळाची मुळे सांधे उकलतात, पावसाळा दर वर्षी काही दगड खाली आणतो. तटाचा एखादा भाग पडला तर तो पूर्वी कसा होता, हे सांगायला मोजलेली प्रतिकृती आणि तिची वही उपयोगी पडू शकते. असे काम करणारी दोन-तीन मुले आपल्या प्रत्येक गावात निघाली, तरी ती ठेव लहान नाही.

येत्या मे महिन्याच्या सुट्टीत वाचकांनी घरातील एका मुलासह जवळचा एखादा दरवाजा पाहून यावा, त्याचे चिऱ्यांचे थर मोजावेत, आणि जूनपासून रोजचा हप्ता सुरू करावा. गुंतवणूक रोज एका तासाची आहे. परतावा किती मिळाला, ते दिवाळीत मूलच सांगेल.