घराच्या छतावरची वीज: जुन्नर-आंबेगावकरांसाठी

छतावर सौर पॅनेल बसवायचे ठरवण्यापूर्वी वर्षभराची वीजबिले काढून महिन्याचा सरासरी वापर पाहा. 1 किलोवॅटच्या संचाला साधारण 100 चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि स्वच्छ उन्हात तो दिवसाला सुमारे 4 युनिट वीज देतो. पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे हवे. शेजारच्या आंब्याची सावली दुपारी छतावर येत असेल, तर जागा बदला. भीमाशंकर, डिंभे, नाणेघाटाकडच्या गावांत पावसाळ्यात निर्मिती बरीच घटते, म्हणून हिशेब वर्षाचा मांडावा.

दिवसा उरलेली वीज महावितरणच्या जाळ्यात जाते. नेट मीटर तिची नोंद ठेवतो आणि ती बिलातून वजा होते. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30,000, दोनला 60,000 आणि तीन किंवा त्याहून अधिकला 78,000 रुपये केंद्राचे अनुदान ठरले. ते संच सुरू झाल्यावर बँक खात्यात जमा होते.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. बॅटरी नसलेला संच लाइट गेली की बंद पडतो, कारण तारांवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये. रात्री लाइट गेली की अंगणात अंधार होतो आणि आपल्याकडे बिबट्याचा वावर आहे. म्हणून अंगणात आणि गोठ्याजवळ स्वतःची बॅटरी असलेला सौरदिवा वेगळा लावाच.

पॅनेलवर धूळ साचली की वीज घटते. सकाळी पॅनेल थंड असताना साध्या पाण्याने, मऊ फडक्याने ती पुसून घ्या.