वनस्पतींचा विषाणूंशी लढा

तंबाखूच्या कुळात निकोशियाना ग्लुटिनोजा नावाची एक रानटी जात आहे. तिच्या पानावर रोगट तंबाखूचा रस चोळला, तर दोन-तीन दिवसांत तेथे टाचणीच्या डोक्याएवढे तपकिरी ठिपके उमटतात. त्या ठिपक्यांतील पेशी मेलेल्या असतात. पाहणाऱ्यास वाटावे की झाड आता रोगाला बळी पडणार. प्रत्यक्षात घडते ते याच्या उलट. ठिपके आहेत तेवढेच राहतात, वरची पाने हिरवीगार येतात आणि झाड फुलावर येते. नेहमीच्या तंबाखूच्या पानावर तोच रस चोळला तर ठिपका एकही उठत नाही. पण आठ-पंधरा दिवसांत नवी पाने हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांनी भरून जातात आणि वाढ खुंटते. म्हणजे ज्या पानावर जखमा दिसतात ते झाड जिंकलेले असते, आणि ज्या पानावर काहीच दिसत नाही ते हरलेले. १९२९ साली अमेरिकन शास्त्रज्ञ फ्रान्सिस होम्स यांनी हे ठिपके मोजून रसातील विषाणूंचे प्रमाण ठरविण्याची रीत घालून दिली. पुढे १९३८ साली त्यांनीच या रानटी जातीचा हा गुण संकराने लागवडीच्या तंबाखूत उतरविला. ज्या एका जनुकामुळे हे घडते, त्याला 'एन' असे नाव आहे.

मुळात विषाणूला वनस्पतीच्या पेशीत शिरणे सोपे नसते. पेशीभोवती सेल्युलोजची जाड भिंत असते, आणि ती आपल्या बळावर भेदण्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी नाही. त्याला दुसऱ्याने दार उघडून द्यावे लागते. मावा किंवा पांढरी माशी रस शोषण्यासाठी सोंड खुपसते, खुरपे लागते, मजुराच्या हातांनी पानावरची लव मोडते; एवढी वाट त्याला पुरते. तंबाखूचा विषाणू तर विडी-सिगारेटच्या वाळल्या तंबाखूतही तग धरून राहतो. म्हणूनच टोमॅटोची रोपे हाताळणाऱ्यांनी तंबाखूला शिवू नये, आणि रोपे लावताना हात दुधात बुडवून घ्यावेत, असा सल्ला देण्यात येत असे. दुधाने या विषाणूचा जोर कमी होतो. घरगुती वाटणारा हा उपाय प्रयोगांनी पारखलेला आहे.

हा शत्रू आहे तरी केवढा? तंबाखूचा विषाणू म्हणजे एक ताठ नळी. अशा सुमारे तीन हजार तीनशे नळ्या टोकाला टोक लावून ठेवाव्यात, तेव्हा कोठे एक मिलिमीटर भरेल. नळीचे कवच एकाच प्रथिनाच्या सुमारे २,१३० कणांचे, आणि आत सुमारे ६,४०० अक्षरांचा आरएनएचा एक धागा. पेशीत शिरताच कवच गळू लागते आणि पेशीची प्रथिने घडविणारी यंत्रणा तो परका मजकूर आपलाच समजून वाचू लागते. त्या मजकुराच्या प्रती काढल्या जातात आणि शेजारच्या पेशीकडे प्रयाण सुरू होते. एका पेशीतून दुसरीत जाण्यासाठी भिंतींमध्ये अतिसूक्ष्म मार्ग असतात. ते विषाणूला अरुंद पडतात. पण तो स्वतःबरोबर एक खास प्रथिन आणतो आणि त्याच्या साहाय्याने ते रुंद करून घेतो. झाड त्याच मार्गांच्या तोंडाशी कॅलोज नावाच्या पदार्थाचा लेप बसवून ते चिंचोळे करू पाहते. लढाईचे पहिले रणांगण ते हेच.

एन जनुकाचे काम आता बरेच उलगडले आहे. १९९४ साली हे जनुक वेगळे काढण्यात आले. त्याच्यापासून बनणारे प्रथिन पहारेकऱ्यासारखे असते. विषाणू आपल्या प्रती काढण्यासाठी जे प्रथिन वापरतो, त्याचा एक भाग या पहारेकऱ्याला ओळखता येतो. ओळख पटताच पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी दाहक द्रव्ये उसळतात, भिंती घट्ट होतात आणि पेशी स्वतः मरते. विषाणूला जिवंत पेशीवाचून वाढता येत नाही. तेव्हा मेलेल्या पेशींच्या कड्यात तो कोंडला जातो. मात्र पेशीचे मरण हाच खरा अडथळा, असे समजणे घाईचे ठरेल. बटाट्यातील 'आरएक्स' नावाचे जनुक एक्स विषाणूला इतक्या लवकर थोपविते की ठिपकाही उठत नाही.

या बचावाला एक विलक्षण मर्यादा आहे. तपमान २८ अंश सेल्सिअसच्या वर गेले की एन जनुकाचा पहारा ढिला पडतो. ठिपके उठत नाहीत आणि विषाणू सर्वत्र पसरतो. मग तेच झाड थंड जागी आणून ठेवावे, तर पहारेकरी जागा होतो. आणि आता विषाणू प्रत्येक पेशीत असल्यामुळे जिकडे तिकडे मरणाचा हुकूम सुटतो. झाड एक-दोन दिवसांत कोलमडते. ज्या शस्त्राने ते तरले असते, त्याच शस्त्राने ते मरते.

एका पानावरच्या लढाईची वार्ता बाकीच्या झाडालाही लागते. १९६१ साली रॉस यांनी दाखविले की खालच्या पानावर ठिपके उठून गेल्यावर वरच्या पानांवर तोच रस चोळला तर उठणारे ठिपके लहान आणि थोडे असतात. या जागृतीत सॅलिसिलिक आम्लाचा मोठा वाटा असतो. विलो झाडाच्या सालीशी आणि ॲस्पिरिनच्या गोळीशी नाते सांगणारे ते हेच द्रव्य. १९७९ साली तंबाखूच्या पानांत ॲस्पिरिन टोचले, तेव्हाही ठिपके कमी झाले होते. रोगट तंबाखू तर या आम्लाचे वाफेत रूपांतर होणारे एक रूप हवेत सोडते, आणि त्याने शेजारची झाडेही सावध होऊ शकतात. दुखऱ्या गुडघ्यावर चोळण्याच्या मलमाला जो ओळखीचा उग्र वास येतो, तो त्याच द्रव्याचा.

परंतु ज्या झाडांत असा पहारेकरी नाही, त्यांचे काय? १९२८ साली व्हर्जिनियात विंगार्ड यांना तंबाखूच्या एका वेगळ्या, कडी उमटविणाऱ्या रोगात एक कोडे दिसले. खालची पाने कड्यांनी भरलेली, पण वर आलेली पाने निर्मळ. आणि त्यांच्यावर पुन्हा तोच विषाणू घातला तरी ती बाधत नाहीत. वनस्पतीला ना रक्त, ना रक्तातील पांढऱ्या पेशी. मग ही आठवण राहते कोठे? या प्रश्नाला सुमारे सत्तर वर्षे उत्तर नव्हते, आणि ते आले ते फुलांच्या वाफ्यातून. १९९० साली अमेरिकेत व हॉलंडमध्ये पिटुनियाचे जांभळे फूल अधिक गडद करावे म्हणून रंगाच्या जनुकाची आणखी एक प्रत झाडात घालण्यात आली. फुले उमलली ती पांढरी किंवा चट्ट्यापट्ट्यांची. वाढीव मजकूर पाहून पेशीने परका आणि स्वतःचा असे दोन्ही गप्प केले होते.

हे गप्प करणे कसे चालते, याचा धागा १९९९ साली इंग्लंडमध्ये नॉरिच येथे हॅमिल्टन आणि बॉलकूम यांना सापडला. विषाणूच्या प्रती निघताना आरएनएचे दुपेडी धागे तयार होतात. निरोगी पेशीत असे लांब दुपेडी धागे सहसा आढळत नाहीत. त्यामुळे ते दिसले की धोका ओळखला जातो. डायसर वर्गातील प्रथिने कात्रीप्रमाणे त्यांचे २१ ते २४ अक्षरांचे तुकडे करतात. हे तुकडे आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात बसतात आणि गुन्हेगाराच्या चित्रासारखे कामी येतात. जुळता मजकूर दिसला की आर्गोनॉट तो कापून टाकते. विशेष हे की हा संदेश पेशीपेशींतून आणि अन्नवाहक नलिकांतून विषाणूच्या पुढे धावू शकतो. विंगार्ड यांच्या झाडाची वरची पाने निर्मळ राहिली ती यामुळे. प्रत्येक नव्या शत्रूसाठी वेगळे जनुक नको. शत्रूचा मजकूरच त्याच्यावर उलटतो.

विषाणूही स्वस्थ बसलेले नाहीत. बटाट्याच्या वाय विषाणूजवळ असे एक प्रथिन आहे की ते या छोट्या तुकड्यांनाच पकडून निकामी करते. बटाट्यात एक्स विषाणू एकटा असला तर पीक फारसे खालावत नाही. वाय सोबतीला आला की मात्र नुकसान दोघांच्या बेरजेहून कितीतरी अधिक होते. एकाने पहारा मोडायचा आणि दुसऱ्याने घर लुटायचे, असा तो प्रकार.

भेंडीची गोष्ट या संदर्भात महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा तिचा रोग १९२४ साली मुंबई इलाख्यात नोंदला गेला. पांढरी माशी त्याचा प्रसार करते. दिल्लीहून आलेली 'पुसा सावनी' ही जात पुष्कळ वर्षे या रोगापुढे टिकली, पण पुढे तिचा गुण ओसरला. मग परभणीच्या कृषी विद्यापीठाने रानभेंडीच्या एका जातीशी संकर करून 'परभणी क्रांती' ही जात दिली, आणि ती दूरवर पोहोचली. कालांतराने अनेक ठिकाणी तिच्याही पानांच्या शिरा पिवळ्या दिसू लागल्या. भेंडीचे संशोधक आजही नव्या गुणांच्या शोधात रानभेंड्यांचीच पाने तपासत आहेत.