फ्रिजमधल्या डब्यांचा हिशोब ठेवा मोबाईलवर, नवीन अ‍ॅप न घेता

फ्लॅटवर राहत असाल तर हे ओळखीचं असेल: फ्रिजमध्ये एकसारखे सहा डबे. कशात काय आहे ते झाकण उघडल्यावर कळतं, पण कधीचं आहे ते उघडूनही कळत नाही. मग वास घेऊन ठरवायचं. पण वासावर भरवसा ठेवू नका. पोट बिघडवणारे बरेच जिवाणू अन्नाचा वास किंवा चव बदलत नाहीत. त्यामुळे खरी गरज आहे तारखेची. आम्ही चौघं रूममेट जी पद्धत वापरतो, ती आज सांगतो.

स्टॅक नको, क्यू हवा

स्टॅकमध्ये शेवटी ठेवलेलं आधी बाहेर येतं, क्यूमध्ये आधी आलेलं आधी. फ्रिजचा आपोआप स्टॅक होतो. नवा डबा पुढे, जुना मागे ढकलला जातो आणि विसरला जातो. म्हणून नवा डबा मागे ठेवा, जुना पुढे ओढा. उरलेलं अन्न दारात ठेवू नका, तिथे गारवा सगळ्यात कमी असतो. कच्चं चिकन किंवा मासे असतील तर ते खालच्या कप्प्यात, म्हणजे त्याचं पाणी शिजलेल्या अन्नात ठिबकत नाही.

लेबल आणि फोन

१. प्रत्येक डब्यावर मार्करने कायमचा नंबर टाका. कागदी चिकटपट्टीवर फक्त तारीख लिहा. पट्टी डबा कोरडा असतानाच लावा, गार ओलसर डब्यावर ती टिकत नाही.

२. गूगल कीपमध्ये चेकबॉक्सची एक नोट करा, नाव द्या ‘फ्रिज’. कोलॅबोरेटर म्हणून रूममेट्सचे जीमेल जोडा. आता सगळ्यांना एकच यादी दिसेल.

३. ओळ अशी लिहा: ‘३ – राजमा – सोमवार – गुरुवारपर्यंत’. डबा संपला की टिक.

४. ही नोट होम स्क्रीनवर विजेट म्हणून ठेवा. बाहेरून ऑर्डर करायच्या आधी नजर जाते, पैसेही वाचतात.

५. गूगल कॅलेंडरमध्ये शेवटच्या दिवशी संध्याकाळी ७ ची आठवण लावा: ‘डबा ३ संपवा’.

किती दिवस चालतं?

फ्रिज ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून गार असेल तर शिजवलेलं अन्न साधारण ३ ते ४ दिवस. मी ३ च धरतो. शिजवल्यावर २ तासांच्या आत ते फ्रिजमध्ये जायला हवं. बाहेर ३२ अंशांच्या वर उकाडा असेल तर १ तासात. विदर्भ-मराठवाड्यातला उन्हाळा आठवा!

भाताचा नियम वेगळा

रात्रीचा भात ओट्यावर ठेवून सकाळी फोडणीचा भात करायची सवय अनेक घरांत आहे. इथे सांभाळा. तांदळातल्या ‘बॅसिलस सिरियस’ या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर राहिला की ते वाढतात, विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणजे फोडणी कितीही खमंग असली तरी उपयोग नाही. भात ताटात पसरून लवकर गार करा, शक्यतो तासाभरात फ्रिजमध्ये टाका आणि २४ तासांत संपवा. फोडणीचा भात बंद करायची गरज नाही, भाताची रात्रीची जागा तेवढी बदला.

फ्रीझरसाठी

उणे १८ अंशांना जिवाणूंची वाढ थांबते, पण ते मरत नाहीत. त्यामुळे गोठवलेलं अन्न ओट्यावर नाही, फ्रिजमध्येच वितळू द्या आणि नंतर वाफा येईपर्यंत गरम करा. गोठल्यावर आमटी आणि सांबार सारखंच दिसतं, म्हणून पट्टीवर तारखेसोबत नावही लिहा. डबा काठोकाठ भरू नका, पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं.

लाईट गेली तर

लाईट गेली की लगेच कीपमध्ये वेळ टाका. दार उघडलं नाही तर फ्रिज साधारण ४ तास गार राहतो, भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. आत काय आहे ते यादीतच दिसतं, त्यामुळे बघायला म्हणून दार उघडावं लागत नाही.

आज रात्री जेवण झाल्यावर डब्यांवर नंबर टाका. दहा मिनिटांचं काम आहे.