तांदूळ एकच, भात की दारू?

‘कवितेचा सरळ अर्थ लिहा.’ पेपरात हा प्रश्न सोडवताना तुम्हालाही कधी वाटलं असेल, की अर्थ तर लिहिला, पण कविता कुठे गेली? चीनमधल्या समीक्षकांनीही यावर शेकडो वर्षं डोकं खपवलंय.

इसवी सन ५०० च्या सुमारास लिऊ श्ये यानं साहित्यावर ५० प्रकरणांचा ग्रंथ लिहिला. त्यात तो तेव्हाची रूढ व्याख्या नोंदवतो : यमक असेल तर ‘वन’, नसेल तर ‘पी’. त्याला स्वतःला ती काही फारशी पटली नव्हती. गंमत म्हणजे त्याच्या ग्रंथाचं गद्यही कवितेसारखं जोडीजोडीनं चालतं. म्हणजे नुसत्या यमकानं भागत नाही!

मग फरक कशात? सतराव्या शतकात वू च्याव यानं स्वयंपाकघरातलं उत्तर दिलं. आशय म्हणजे तांदूळ. गद्य म्हणजे त्याचा शिजवलेला भात. दाणा ओळखू येतो, पोट भरतं. कविता म्हणजे त्याच तांदळाची गाळलेली दारू. दाणा दिसत नाही, पण चढते.

हा फरक विसरला की काय होतं, हे त्याच्या कितीतरी आधी कवी सू शी यानं भोगलं होतं. १०७९ मध्ये कवितांतून सरकारी धोरणांची टिंगल केल्याच्या आरोपावरून त्याला पकडलं. टीका काही ठिकाणी होतीही. पण चौकशीत कवितांचा अर्थ त्याच्याकडूनच वदवून घेतला गेला आणि तोच पुरावा ठरला. दारूतून दाणे वेचायचाच हा प्रकार! चारेक महिने कोठडीत काढल्यावर त्याची हुआंगचौला रवानगी झाली.

तिथे १०८२ मध्ये त्यानं ‘लाल कड्या’वर ‘फू’ लिहिला. ‘फू’ हा गद्य आणि कविता यांच्या मधला प्रकार. रात्र, नदी, होडीत मित्र. एक जण बासरी वाजवतो, मग आयुष्य किती छोटं यावर गप्पा रंगतात. मध्येच यमक येतं, मध्येच साधं बोलणं. भात कुठे संपतो आणि दारू कुठे सुरू होते, सांगता येत नाही. चिनी साहित्यातल्या सगळ्यात लाडक्या रचनांमध्ये आज ती गणली जाते.

तेव्हा पेपरात सरळ अर्थ जरूर लिहा, मार्क कशाला सोडायचे? फक्त घरी आल्यावर ती कविता एकदा मोठ्यानं वाचा. अर्थ न लिहिता.