लहान शहर पारखायचं ते मे महिन्यात

पुण्या-मुंबईची दगदग नको झालेली माणसं हल्ली लहान शहरात घर शोधतात. तिथं अडीनडीला आपलं आपण भागवता येईल, ही त्यांची आशा. आशा रास्त आहे; पण शहर पारखायचं ते श्रावणात नव्हे, मे महिन्यात. माझ्या डोळ्यांपुढे लातूर आहे.

वस्ती कमी म्हणजे पाणी मुबलक, हा सगळ्यांत मोठा गैरसमज. 2011च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या चार लाखांच्या आत होती. तरी एप्रिल 2016मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत 10 वाघिणी, 5 लाख लिटर. त्याआधी मार्चमध्येच पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली होती. शहराची सगळी भिस्त मांजरा धरणावर, आणि धरण कोरडं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

‘आमचा स्वतःचा बोअर आहे,’ असं कुणी निर्धास्तपणे सांगितलं की मला काळजी वाटते. बोअर तुमचा, पाणी सगळ्यांचं. काळ्या खडकात पाणी राहतं ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत. तेच पाणी गल्लीतले वीस बोअर आणि पलीकडचा उसाचा फड ओढत असतो. आटत आलेला बोअर कानांनीही कळतो. मोटर लावली की आधी पाइपात फुरफुर हवा, मग गढूळ धार, मग नुसतीच मोटरची घरघर. घर घेण्याआधी शेजारच्या काकूंना विचारा, ‘मे महिन्यात टँकर किती दिवसांनी येतो?’

पाऊसच कमी, मग गच्चीचं पाणी साठवून काय होणार, असंही म्हणतात. हिशेब करून बघा. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर 700 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला, तरी 50 हजार लिटरांच्या वर पाणी हाती येतं. एवढं साठवायला जागा नसते, हे खरं. पण पिण्याला नि स्वयंपाकाला रोज 40 लिटर धरले, तर 5 हजार लिटरची झाकलेली टाकी घराला चार महिने पुरते.

गच्चीवर सोलर आहे म्हणजे लाईट गेली तरी दिवे चालतील, असं नाही. बॅटरीशिवाय नुसतं ग्रीडला जोडलेलं सोलर लाईट जाताच बंद होतं; खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून.

राहिला भूकंप. दख्खनचं पठार हलत नाही, या भरवशावर राहू नका. किल्लारी लातूर जिल्ह्यातच आहे. 30 सप्टेंबर 1993ची पहाट. आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून माणसं झोपलेली. तेव्हाच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. हजारो माणसं गेली ती दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाच्या ओझ्याखाली. त्यामुळे जुना वाडा स्वस्तात मिळतोय म्हणून लगेच बयाणा देऊ नका. भिंतीत आरपार दगड घातलेत का, चौकटींच्या वरून काँक्रीटचा पट्टा सगळ्या भिंतींवर फिरवलाय का, हे आधी जाणत्या इंजिनिअरला दाखवून घ्या.