पडद्यावरची झळाळी आणि मेस्त्रीची मजुरी

जुन्या मोटारींचा जीर्णोद्धार दाखवणारे दूरचित्रवाणी कार्यक्रम लोकप्रिय आहेत. तासाभरात भंगार झळकू लागते आणि अखेरीस नफ्याचा आकडा जाहीर होतो. हा आकडा कितपत खरा? २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हीलर डीलर्स’ या ब्रिटिश कार्यक्रमाच्या हिशेबात गाडीची किंमत व सुटे भाग येतात; कारागिराची मजुरी मात्र येत नाही. त्यातील यंत्रज्ञ एड चायना २०१७ मध्ये बाहेर पडले, ते कार्यशाळेतील तपशिलाला कात्री लावणे मान्य नसल्यामुळे.

रत्नागिरीत हा भ्रम महाग पडतो. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस पत्रा आतून पोखरतात. कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेल्या वडिलार्जित फियाटचा रंग खरवडला, की दाराखालचा पत्राच हाती येतो. तो कापून नवा सांधणे हे कित्येक दिवसांचे काम. पडद्यावर ते क्षणात उरकते. मग मालकाला मेस्त्रीची रास्त मागणीही लूट वाटू लागते.

शिवाय कायदा आहे. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातील गाडीलाच ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. पडद्यावर टाळ्या घेणारे नवे इंजिन येथे ती नोंदणीच गमावू शकते.

करमणुकीला कोणाची हरकत नाही. परंतु नफा सांगणाऱ्याने घामाचे तासही सांगावेत. हिशेब त्याशिवाय पुरा होत नाही.